डोसच्या गणिताची साधनं: कार्ड, कॅल्क्युलेटर, सिरिंज, ड्रिप सेट, सरावाची वही

नर्सिंग, फार्मसी किंवा पॅरामेडिकलच्या पहिल्या वर्षाला प्रत्येकाच्या ॲप्रनच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड येऊन बसतं. आयकार्डाच्या आकाराचं, एका बाजूला ग्रॅम, मिलिग्रॅम, लिटर आणि चमचे, दुसऱ्या बाजूला तापमान आणि वजन. जोडीला साधा कॅल्क्युलेटर, फोनमधलं एखादं ॲप, सरावाच्या सिरिंज, मापाचे कप आणि उदाहरणांची वही. यातलं काय घेण्यासारखं आहे आणि घेताना नेमकं कुठे बघायचं, ते इथे मांडलं आहे. हे कोणा एका कंपनीच्या मालाबद्दल नाही. एकाच प्रकारच्या चार वस्तू समोर असताना त्यातली बरी कोणती, हे ओळखता यावं एवढाच हेतू आहे.

कसोटी सगळीकडे एकच लावली आहे: आकड्याशेजारी त्याचं एकक दिसतं की नाही. पाढे पक्के असलेला विद्यार्थीसुद्धा मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटरच्या जागी किंवा पौंडाचा किलोच्या जागी ठेवतो, पुढचं सगळं गणित बिनचूक करतो आणि चुकीच्या उत्तरावर जाऊन पोचतो. साधनाने त्याला मध्येच अडवलं तर ते कामाचं.

कार्ड

कार्ड हातात घेतल्यावर आधी दशांशाची टिंबं बघावीत. '१.० मिग्रॅ' असं छापलेलं असेल तर कार्ड तिथेच परत ठेवावं. लॅमिनेशनवर ओरखडा आला, टिंब पुसट झालं, की १.० चे १० होतात आणि डोस दहापट. '.५' असं शून्याशिवाय छापलेलं असेल तर टिंब गेल्यावर नुसते ५ उरतात. पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य नको आणि एकाहून लहान आकड्यात टिंबाआधी शून्य हवंच. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) २००४ मध्ये 'वापरू नका' म्हणून संक्षेपांची जी यादी काढली, तिच्यात या दोन्ही गोष्टी आहेत. युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिणंही त्याच यादीत आहे, कारण घाईतला यू शून्यासारखा दिसतो आणि '४ यू' चे ४० होतात. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक म्यू छापणारी कार्डंही नकोत. विद्यार्थी तेच चिन्ह हाताने उतरवतो, म्यूची शेपटी राहून जाते, वाचणाऱ्याला एम दिसतो आणि मायक्रोचं मिली होतं. फरक हजारपटीचा. 'एमसीजी' असं अक्षरांत छापलेलं बरं. (जाता जाता: सरावाची उदाहरणं देवनागरी आकड्यांत सोडवायला हरकत काहीच नाही, पण घाईत लिहिलेले १ आणि ९ जुळे भाऊ दिसतात. चार्टवर ज्या आकड्यांत लिहायचं, त्यांच्यातच हात बसलेला चांगला.)

त्यानंतर मायक्रोची पायरी. शाळेत किलो, हेक्टो, डेका, मग मूळ एकक, मग डेसी, सेंटी, मिली ही शिडी तोंडपाठ होते आणि एक पायरी म्हणजे दहा हे डोक्यात पक्कं बसतं. मिलीनंतर मायक्रो आला की तीही पुढचीच पायरी समजून बरेच जण दहाने गुणतात. प्रत्यक्षात मिली आणि मायक्रोच्या मधल्या दोन पायऱ्यांना नावंच नाहीत, म्हणून एकदम हजाराची उडी आहे. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ०.२५ मिग्रॅची गोळी हातात आहे आणि ऑर्डर १२५ मायक्रोग्रॅमची. १२५ ÷ १००० = ०.१२५ मिग्रॅ, म्हणजे अर्धी गोळी. दहाने भागणाऱ्याला १२.५ मिग्रॅ मिळतात, म्हणजे पन्नास गोळ्या. पन्नास गोळ्यांचं उत्तर बघून कोणीही थबकेल. एरवीही एका वेळच्या डोसला दोन-तीनपेक्षा जास्त गोळ्या लागताहेत असं दिसलं, की हिशेब पुन्हा मांडायची सवय ठेवावी. इंजेक्शनमध्ये असा ढीग डोळ्यांपुढे येत नाही. सिरिंज भरलेली दिसते, बस.

म्हणून कार्डावर '१ मिग्रॅ = १००० मायक्रोग्रॅम' एवढंच असणं पुरेसं नाही. दिशा छापलेली हवी: मिग्रॅकडून मायक्रोग्रॅमकडे जाताना १००० ने गुणा, परत येताना १००० ने भागा. मोठ्या एककातून लहानात गेलं की आकडा वाढतो, हे शांतपणे विचारलं तर सगळ्यांना येतं. बाराव्या तासाला, ड्यूटी संपत आली असताना, बाण कामी येतो.

बहुतेक कार्डांवर ग्रेन, ड्रॅम, मिनिम ही जुनी अपोथेकरी (औषधविक्रेत्यांची) मापं मोठी जागा अडवून बसलेली असतात. ग्रेन म्हणजे ६४.८ मिग्रॅ, पण व्यवहारात काही औषधांना ६० धरतात आणि काहींना ६५. अ‍ॅस्पिरिनची ३२५ मिग्रॅची गोळी म्हणजे ५ ग्रेन, इथे ग्रेनमागे ६५ धरलेत. नायट्रोग्लिसरिनची ०.४ मिग्रॅची गोळी म्हणजे ग्रेनचा एकशेपन्नासावा भाग, इथे ६०. कार्डावर यातला एकच आकडा असेल, तर दुसऱ्या औषधाला तो बसत नाही. ही मापं इतिहासाच्या तासाला सोडून ती जागा टक्केवारीला द्यावी असं आमचं मत आहे.

टक्केवारीचं कोष्टक नसलेलं कार्ड खरं तर घेऊच नये. द्रावणातले १ टक्का म्हणजे १०० मिलिमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमध्ये १० मिग्रॅ. टक्क्याला दहाने गुणलं की मिग्रॅ प्रति मिलि हातात येतात: २ टक्के लिग्नोकेन म्हणजे २० मिग्रॅ प्रति मिलि, ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे ५० मिग्रॅ प्रति मिलि, आणि ५०० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. '५ टक्के' वाचून ५ मिग्रॅ प्रति मिलि धरणं ही नवख्यांची ठरलेली चूक. गुणोत्तराचं याहून नाजूक आहे. अ‍ॅड्रिनॅलिन १:१००० म्हणजे १००० मिलिमध्ये १ ग्रॅम, अर्थात १ मिग्रॅ प्रति मिलि. १:१०,००० म्हणजे ०.१ मिग्रॅ प्रति मिलि. शून्य जास्त असलेलं द्रावण दहापट पातळ असतं आणि गडबडीत नेमकं उलटं वाटतं. अमेरिकेत २०१६ पासून अशा एकल (एकच औषध असलेल्या) इंजेक्शनांच्या लेबलांवरून गुणोत्तर काढून मिग्रॅ प्रति मिलि छापायला लावलं, ते याच गोंधळापायी. पण जुनी पुस्तकं आणि जुन्या सवयी राहतात, म्हणून कार्डावर ही जोडी हवीच.

मिलिग्रॅमचं मिलिलिटरमध्ये रूपांतर देणारं कार्ड दिसलं, तर ते छापणाऱ्याला विषयच कळलेला नाही असं खुशाल समजावं. मिलिग्रॅम औषधाचं वजन सांगतो, मिलिलिटर द्रवाचं आकारमान. दोघांना जोडणारी गोष्ट फक्त व्हायलवर (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीवर) किंवा बाटलीवर लिहिलेली स्ट्रेंथ, म्हणजे किती मिलित किती औषध. तोंडाने द्यायच्या २० मिग्रॅ प्रति मिलिच्या मॉर्फिनमधून ५ मिग्रॅ द्यायचे तर ०.२५ मिलि लागतात. कोणी ५ मिलि दिले तर १०० मिग्रॅ जातात, वीसपट. आंतरराष्ट्रीय युनिटचंही तसंच: व्हिटॅमिन डीचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, बेंझिलपेनिसिलिनचे ४,००,००० युनिट म्हणजे साधारण २५० मिग्रॅ. प्रत्येक औषधाचं नातं वेगळं. सरसकट 'युनिट = मिग्रॅ' अशी ओळ कुठल्याच कार्डावर असू शकत नाही.

रक्ततपासणीच्या आणि क्षारांच्या एककांसाठी चार आकडे असले तरी पुरे: ग्लुकोजला १८, कोलेस्टेरॉलला ३८.७ (दोन्हीकडे मिग्रॅ प्रति डेसीलिटरला भागलं की मिलिमोल प्रति लिटर), क्रिएटिनिनला ८८.४ (इथे गुणायचं, उत्तर मायक्रोमोल प्रति लिटर), आणि पोटॅशियम क्लोराइडसाठी १ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे ७४.५ मिग्रॅ. हे आकडे प्रत्येक पदार्थाच्या रेणुभारावरून येतात, म्हणून ग्लुकोजचा १८ इतर कुठे चालत नाही. तापमानाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी ३७ = ९८.६, ३८ = १००.४, ३९ = १०२.२, ४० = १०४ अशी छोटी पट्टी असेल तर कार्ड जास्त वापरलं जाईल.

कॅल्क्युलेटर आणि ॲप

महागडा सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागत नाही. मोठी बटणं, स्पष्ट टिंब आणि पुसायचं बटण वेगळ्या रंगाचं, एवढं पुरतं. मात्र भागाकाराची एक खोड माहीत हवी. १००० मिलि सलाईन ८ तासांत, २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांना १ मिलि देणारा) ड्रिप सेट, मिनिटाला थेंब किती? वहीत लिहिताना छेदात '८ × ६०' लिहितो, पण बटणं दाबताना १००० × २० ÷ ८ × ६० असं दाबलं तर साधा काय आणि सायंटिफिक काय, दोघंही १,५०,००० सांगतात. छेदातला प्रत्येक आकडा वेगळा भागायचा: १००० × २० ÷ ८ ÷ ६०, उत्तर मिनिटाला ४१.६७ थेंब. दीड लाख थेंबांची चूक लपत नाही म्हणून ती निरुपद्रवी. पण बेरीज आणि गुणाकार एकत्र आले की साधा कॅल्क्युलेटर दाबल्या क्रमाने करतो आणि सायंटिफिक आधी गुणतो: २ + ३ × ४ चे पहिल्यावर २०, दुसऱ्यावर १४. मैत्रिणीचं यंत्र परीक्षेला उसनं घेऊ नये, ते यासाठी.

फोनमधलं सर्वसाधारण रूपांतराचं ॲप या कामाला घेऊ नका. त्यातली बरीच ग्रॅमचं मिलिलिटर करून देतात आणि त्यासाठी गुपचूप पाण्याची घनता धरतात. औंस दोन असतात, वजनाचा वेगळा (२८.३५ ग्रॅम) आणि द्रवाचा वेगळा (अमेरिकी २९.५७ मिलि, ब्रिटिश २८.४१ मिलि). यादीत ते शेजारी-शेजारी असतात आणि अंगठा जाड असतो. खास डोससाठी बनवलेली ॲप घ्यायची तर तीन गोष्टी तपासाव्यात. वजनाच्या रकान्यात पौंड की किलो हे मागच्या वेळचं लक्षात ठेवून आपोआप येतं का? येत असेल तर धोका आहे, दर वेळी विचारणारं ॲप चांगलं. दशांशासाठी टिंब आणि स्वल्पविराम यांतलं काय चालतं? फोनच्या भाषेच्या सेटिंगनुसार '१,५' चा अर्थ दीड होतो किंवा पंधरा. आणि उत्तराबरोबर मांडणी दाखवतं का? नुसतं '१३.१२५' फेकणाऱ्या ॲपवरून चूक कुठे झाली ते शोधता येत नाही.

कप आणि सिरिंज

मापाचे प्लास्टिकचे ३० मिलिचे कप स्वस्त मिळतात. फक्त मिलिच्या खुणा असलेले घ्यावेत. ज्यावर मिलि, चमचे, औंस आणि ड्रॅम असे चार पट्टे गोल फिरत असतात, त्यात ५ मिलिऐवजी ५ ड्रॅमच्या रेघेपर्यंत भरलं जातं. ड्रॅम जवळपास ३.७ मिलिचा, म्हणजे डोस पावणेचारपटीच्या घरात. कप सपाट जागेवर ठेवून डोळा रेघेच्या पातळीला आणायचा आणि द्रवाच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ वाचायचा. हातात उंच धरून वाचलं की कप तिरका होतोच. आणि ५ मिलिच्या आत कपवर विसंबू नका, तिथे तोंडाने औषध द्यायची सिरिंज हवी, जिला सुई बसतच नाही अशी. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नाही. औषधात छोटा चमचा ५ मिलिचा धरतात. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा.

सरावासाठी १, ३, ५ आणि १० मिलिच्या सिरिंज आणि इन्सुलिनची एक, एवढा संच असावा. आकार बदलला की रेघांची किंमत बदलते, आणि हे कोणी वेगळं शिकवत नाही. १ मिलिच्या सिरिंजवर एक बारीक रेघ ०.०१ मिलिची, ३ मिलिवर ०.१ ची, ५ मिलिवर साधारणतः ०.२ ची, १० मिलिवर ०.२ किंवा काहींवर ०.५ ची. ५ मिलिची सिरिंज जवळ धरून बघा: १ आणि २ यांच्या मध्ये चार बारीक रेघा आहेत, म्हणजे पाच सारखे भाग, प्रत्येक ०.२ चा. ३ मिलिच्या सिरिंजची सवय झालेला विद्यार्थी १.३ भरायचे म्हणून १ नंतर तीन रेघा मोजतो आणि १.६ भरतो. नवी सिरिंज हाती आली की दोन छापील आकड्यांमधले भाग मोजायचे आणि आकड्यांतल्या फरकाला त्याने भागायचं. पाच सेकंदांचं काम.

वाचायचं कुठे? प्लंजरच्या (आत सरकणाऱ्या दट्ट्याच्या) काळ्या रबराला सुईच्या बाजूला एक कडा असते, मागे दुसरी, आणि टोकाला बहुधा उंचवटा. बॅरलच्या (सिरिंजच्या नळीच्या) भिंतीला टेकलेली सुईकडची कडा वाचायची. उंचवट्याचं टोक वाचलं तर औषध जास्त भरलं जातं, मागची कडा वाचली तर कमी. रबराच्या कडा धारदार, रेघा गडद आणि ओल्या हाताने पुसल्या न जाणाऱ्या असतील ती सिरिंज सरावाला चांगली. स्वस्त पाकिटांमधल्या काहींची शाई स्पिरिटचा बोळा लागताच निघते.

उत्तर किती दशांशांपर्यंत ठेवायचं, हेही सिरिंज ठरवते. १ मिलिच्या आत असेल तर शतांशापर्यंत, कारण १ मिलिच्या सिरिंजवर तेवढंच मोजता येतं: ०.३७५ चे ०.३८. त्यापुढे दशांशापर्यंत. वहीत चार दशांश लिहून सिरिंजवर ते भरायचे कुठे? आणखी एक बारकी गोष्ट: सुईच्या बुडात, हबमध्ये, साधारण ०.०५ ते ०.१ मिलि औषध राहतं. नेहमीच्या डोसला त्याने बिघडत नाही, कारण ते आत जातच नाही. पण बाळासाठी ०.१ मिलि औषध ओढून त्याच सिरिंजमध्ये वर सलाईन ओढलं, तर हबमधलं औषधही आत येतं आणि डोस दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. पातळ करायचं असेल तर ते दुसऱ्या सिरिंजमध्ये करावं.

इन्सुलिनची सिरिंज हा या संचातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा. तिच्यावर मिलि नाहीत, युनिट आहेत, आणि ते एका ठरावीक स्ट्रेंथसाठीच खरे असतात. यू-१०० इन्सुलिनमध्ये १ मिलिला १०० युनिट, यू-४० मध्ये ४०. दोन्ही प्रकार ज्या देशांत मिळतात तिथे व्हायल आणि सिरिंज यांची जोडी जुळवणं हेच पहिलं गणित. यू-४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलि. तिथपर्यंत यू-१०० इन्सुलिन भरलं तर ५० युनिट जातात, अडीचपट, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट यू-१०० च्या सिरिंजवर २० म्हणजे ०.२ मिलि; त्यात यू-४० भरलं तर फक्त ८ युनिट. टोपणाचा रंग सहसा यू-१०० ला नारिंगी आणि यू-४० ला लाल असतो. पिवळ्या दिव्याखाली हे दोन रंग भावंडं वाटतात, त्यामुळे रंगावर न जाता बॅरलवर छापलेलं वाचावं. '१ मिलि = १०० युनिट' बॅरलवर ठळक नसेल ती सिरिंज शिकण्यासाठीही घेऊ नये. रेघांचं इथेही तेच आहे: १०० युनिटच्या सिरिंजवर एक रेघ २ युनिटची, ५० च्यावर १ ची. ७ युनिट द्यायचे तर ५० ची घ्यावी.

ड्रिप सेट

सरावासाठी एक मॅक्रो आणि एक मायक्रो असे दोन सेट पुरतात. मॅक्रो सेट १०, १५ किंवा २० थेंबांना १ मिलि देणारे असतात, मायक्रो ६० थेंबांना. हा आकडा पाकिटावर छापलेला असतो आणि पाकीट सगळ्यात आधी कचऱ्यात जातं. ड्रिप चेंबरवरच (थेंब पडतात त्या पारदर्शक कुपीवरच) आकडा कोरलेला असेल तो सेट घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी.

मघाचंच उदाहरण: १००० मिलि, ८ तास, २० चा सेट. मिनिटाला ४२ थेंब. हेच ४२ थेंब चुकून १५ च्या सेटवर लावले, तर मिनिटाला २.८ मिलि, तासाला १६८ मिलि जातात आणि आठ तासांची बाटली सहा तासांच्या आत संपते. १५ च्या सेटला ३१ थेंब हवे होते. मायक्रो सेटवर ४२ लावले तर तीच बाटली चोवीस तास पुरते. मायक्रो सेटची सोय अशी की ६० थेंब आणि ६० मिनिटं एकमेकांना छेदतात, म्हणून तासाला जितके मिलि तितकेच मिनिटाला थेंब. या सोयीमुळे आळसही येतो आणि मॅक्रो सेटवरही तोच नियम लावला जातो.

थेंब मोजताना घड्याळ चेंबरच्या शेजारी, डोळ्यांच्या पातळीला धरायचं. मान फिरवून मोजलं की एखादा थेंब सुटतो. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत जलद आहे, पण १५ सेकंदांत साडेदहा थेंब पडत नाहीत, १० किंवा ११ पडतात, म्हणजे उत्तर ४० किंवा ४४ च येणार. पहिल्यांदा लावताना पूर्ण मिनिट मोजा, नंतरच्या तपासणीला १५ सेकंद चालतील. चेंबर अर्धाच भरलेला हवा. काठोकाठ भरला तर थेंब दिसतच नाहीत. आणि रोलर क्लॅम्प (नळीवरचं वेग ठरवणारं चाक) लावून निघून जाऊ नये, रुग्णाने कोपर वाकवला किंवा बाटलीतली पातळी खाली गेली की वेग बदलतो.

सरावाची वही

उदाहरणांच्या वह्या आणि पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. त्रैराशिक शिकवणाऱ्या, सूत्र शिकवणाऱ्या (हवा तो डोस भागिले हातातली स्ट्रेंथ, गुणिले तिचे मिलि), आणि एककं छेदत नेणाऱ्या. तिन्ही रस्ते एकाच उत्तराला जातात. पहिल्या दोन्हींत एककं डोक्यात ठेवावी लागतात, तिसऱ्यात ती कागदावर राहतात, म्हणून आमचं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे.

२३ पौंड वजनाचं मूल, अ‍ॅमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ४० मिग्रॅ, तीन डोसांत विभागून, सस्पेन्शन (पातळ औषध) ५ मिलिला २५० मिग्रॅ. एका ओळीत मांडायचं: २३ पौंड, गुणिले १ किलो प्रति २.२ पौंड, गुणिले ४० मिग्रॅ प्रति किलो प्रति दिवस, गुणिले १ दिवस प्रति ३ डोस, गुणिले ५ मिलि प्रति २५० मिग्रॅ. पौंड पौंडाला कापतो, किलो किलोला, दिवस दिवसाला, मिग्रॅ मिग्रॅला. शिल्लक राहतं मिलि प्रति डोस, आणि आकडा ४६०० ÷ १६५० = २.७९, म्हणजे २.८ मिलि. पौंडाचं किलो करायचं राहिलं तर शेवटी 'पौंड भागिले किलो' असं न कापलेलं शेपूट लोंबत राहतं आणि नजरेत भरतं. सूत्राने करणाऱ्याला तिथे ६.१ मिलि मिळाले असते आणि ते उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसलं असतं. वजन मध्येच गोळाबेरीज करून १० किलो धरलं तर २.७ येतात. ही चूक लहान, पण दशांश कापून आकडा सुटसुटीत करायचं काम शेवटी एकदाच करावं.

वही घेण्याआधी तीन-चार पानं चाळून बघा. लेबलांची चित्रं आहेत का? 'स्ट्रेंथ ५० मिग्रॅ प्रति मिलि' असं प्रश्नातच सांगणारी वही अर्धं काम स्वतः करून टाकते. खरी अडचण लेबलवरच्या सात आकड्यांतला हवा तो शोधण्यात असते. पावडरच्या व्हायलची उदाहरणं आहेत का, हेही बघावं. १ ग्रॅम सेफ्ट्रिॲक्सोनमध्ये ९.६ मिलि पाणी घातल्यावर १०० मिग्रॅ प्रति मिलि मिळतात, कारण पावडरही जागा घेते. १० मिलि घालून १०० मिग्रॅ धरायला शिकवणारी वही चुकीचं वळण लावते.

उदाहरणांतले आकडेही पारखावेत. डोपामिनचं नेहमीचं उदाहरण: २५० मिलिमध्ये ४०० मिग्रॅ, मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, आणि वजन बहुतेक वह्यांत ६० किलो. मग मांडणीत ५ × ६० × ६० येतं, आणि यातले साठ किलो कुठले, साठ मिनिटं कुठली, हे सोडवणाऱ्याला कळत नाही. एक साठ विसरला तरी पत्ता लागत नाही. वजन ७० घेतलं की ५ × ७० × ६० = २१,००० मायक्रोग्रॅम तासाला, भागिले १६०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, म्हणजे तासाला १३.१ मिलि, आणि प्रत्येक आकडा आपली ओळख सांगतो.

शेवटी उत्तरसूची उघडावी. तिथे '१) २.८ २) ४२ ३) १३.१' अशी नुसती रांग असेल, तर विद्यार्थ्याने २.८ मिग्रॅ लिहिलं तरी ती त्याला बरोबरची खूण देणार. ती वही दुकानातच राहू द्यावी.